डाव्या हाताचं जॅझ

“डॉक्टर, जाताना मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे,” वकीलसाहेब म्हणाले, आणि दातांच्या डॉक्टरांनी मनातल्या मनात त्यांना फुकट कवळी कबूलही करून टाकली.

रविवारची संध्याकाळ होती. दवाखाना बंद होता, बाहेरच्या बाकावर वकीलसाहेब आणि आपल्या चाकांच्या स्टुलावर डॉक्टर असे दोघंच बसले होते, आणि रेकॉर्ड प्लेअरवर नेहमीचं जॅझ वाजत होतं. पुढच्या रविवारनंतर वकीलसाहेब आपलं चंबूगबाळं आवरून मुलीच्या शहरात कायमचे राहायला जाणार होते. अशा वेळी माणूस जे मागेल ते द्यायचं, असं डॉक्टरांनी ठरवून ठेवलं होतं.

“मागा की! संकोच कसला?”

“इतके रविवार आपण हे जॅझ ऐकलं. त्यातलं तुमच्या आवडीचं निवडून मला एका पेनड्राइव्हवर भरून द्या. मी तुम्हाला दर वाढदिवसाला रेकॉर्ड देत आलो ना, त्यातलंच निवडा. म्हणजे तिकडे ऐकताना वाटेल, डॉक्टर शेजारीच बसलेत.”

“अहो, हे काय मागणं झालं? मी आधीच कामाला लागलोय,” डॉक्टर म्हणाले आणि मान हलवून त्यांनी संगीताला दाद दिली. वकीलसाहेबांनीही लगेच हलवली.

खरी गोष्ट अशी होती की डॉक्टरांना जॅझ ऐकवत नव्हतं. आजपासून नव्हे, पहिल्या दिवसापासून. आणि वाढदिवसाला आलेल्या त्या रेकॉर्ड्सचं वरचं प्लास्टिकसुद्धा त्यांनी कधी फाडलं नव्हतं.

याचा उगम डॉक्टरांच्या तरुणपणात होता. त्यांनी हा दवाखाना एका निवृत्त होणाऱ्या दंतवैद्याकडून घेतला, तेव्हा त्याबरोबर एक खुर्ची, एक कपाट, एक रेकॉर्ड प्लेअर, दोन जुनाट जॅझच्या रेकॉर्ड्स आणि मावशी एवढं सामान आलं. मावशी दवाखान्याचं दार, हत्यारं आणि पेशंटची रांग सांभाळायच्या. आत ड्रिलचं मशीन सुरू झालं की बाहेरचे पेशंट हळूच चपला घालून सटकतात, म्हणून त्या मोठ्यानं रेकॉर्ड लावायच्या. या संगीताचा एवढाच उपयोग आहे असं मावशींचं मत होतं, आणि डॉक्टरांचंही त्याहून वेगळं नव्हतं.

अशात एक दिवस वकीलसाहेब दाढ घेऊन आले. दंतवैद्यांना एक खोड असते. समोरच्याच्या तोंडात दोन्ही हात घातले की यांना गप्पा सुचतात. दाढ कोरता कोरता डॉक्टरांनी सहज विचारलं, “संगीत आवडतंय ना?” आणि वकीलसाहेबांनी तोंडात एवढी हत्यारं असताना हात उंचावून अशी दाद दिली, की डॉक्टर हरखून गेले. गावात ते नवे होते. ओळखीचं कुणी नव्हतं, संध्याकाळ खायला उठायची. हा माणूस रसिक निघाला, बोलायला बरा दिसतोय, एवढं त्यांच्या लक्षात आलं आणि ते बोलून गेले, “मग रविवारी या ना! दवाखाना बंद असतो. निवांत ऐकू.”

वकीलसाहेब आले. पुढच्या रविवारीही आले. मग येतच राहिले.

डॉक्टर आलटून पालटून त्याच दोन जुन्या रेकॉर्ड्स लावायचे, कारण निदान त्या कुठे संपतात हे त्यांना पाठ झालं होतं. भेटीच्या रेकॉर्ड्स मी एकटा असताना ऐकतो, असं त्यांनी वकीलसाहेबांना सांगून ठेवलं होतं. संगीत सुरू असताना ते डोळे मिटून आठवडाभराच्या पेशंटच्या दाढा आठवायचे, आणि मधूनच मान हलवायचे. एकाची मान हलली की दुसऱ्याची हलायची. खरी मजा रेकॉर्डची बाजू पालटायची वेळ आली की असायची. त्या वेळात वकीलसाहेब कोर्टातले किस्से सांगायचे, डॉक्टर पेशंटच्या नकला करायचे आणि दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे. त्यामुळे डॉक्टर बाजू फार सावकाश पालटत. आधी फडक्यानं पुसत, मग फुंकर मारत, मग पुन्हा पुसत. वकीलसाहेबही म्हणत, “नीट पुसा हो डॉक्टर. घाई काय आहे? त्या कडेला अजून धूळ दिसतेय.”

“सांगून टाका ना एकदाचं खरं,” रात्री जेवताना बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि कुठलाही प्रश्न तिला दोन ओळींत सोडवायचा असे.

“आता? माणूस निघायच्या आठवड्यात? त्यांना वाटेल, मी इतकी वर्षं नाटक केलं.”

“केलंतच की.”

“नाटक जॅझचं केलं गं. त्यांच्याशी नाही केलं.” डॉक्टरांचा घास हातातच राहिला. “ते हे घेऊन परक्या गावात जाणार. तिथं बसून त्यांना कळलं की हा माणूस एकही रविवार खरा बसला नव्हता, तर काय राहिलं मग? एवढा एकच तर मित्र आहे मला.”

बायकोनं नवऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. “मग भरा पेनड्राइव्ह. वाटीतली भाजी संपवा आणि भरा.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कपाट उघडलं. वरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं हसत होते आणि त्यांच्यामागे रेकॉर्ड्स होत्या. पण सगळ्या नव्हत्या. एक मावशींनी पाण्याच्या बादलीवर झाकण म्हणून घेतली होती आणि एक डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली होती.

“मावशी! अहो, ही रेकॉर्ड आहे!”

“मग तुम्ही कधी लावलीत ती, मला कळायला?” मावशी म्हणाल्या. डॉक्टरांनी वाकून टेबलाखालची रेकॉर्ड ओढून काढली.

आता निवडायचं कसं? डॉक्टरांनी आधी पळवाट शोधली. सगळी पाकिटं घरी नेऊन बायकोपुढे ठेवली आणि तिला म्हणाले, “तूच निवड ना. तुला शाळेच्या गॅदरिंगची सवय आहे.” बायकोनं मागच्या बाजूला छापलेल्या वेळा वाचल्या आणि पाचव्या मिनिटाला निकाल लावला. “ही सगळ्यात लहान लहान गाणी. सगळ्यांना लवकर सुटका.”

“अगं, ते विचारतील ना, हेच का निवडलंत म्हणून! वकील आहे तो. फिरवून फिरवून विचारेल.”

“मग ऐका. दुसरा उपाय नाही.”

ऐकायचं तर दवाखान्यातच. रेकॉर्ड प्लेअर घरी आणायचा नाही, असा बायकोचा लग्नानंतर लगेच दिलेला निकाल होता आणि त्यावर अपील नव्हतं. शिवाय आठवडाभर पेशंट ठरलेले. तेव्हा डॉक्टरांनी असं योजलं की पेशंट तपासता तपासता रेकॉर्ड्स लावायच्या, बरं वाटेल ते जागच्या जागी मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि शेवटी बायकोकडून ते पेनड्राइव्हवर चढवून घ्यायचं. स्पीकर खुर्चीच्या वरच टांगलेला होता, म्हणून मोबाइल हत्यारांच्या ट्रेमध्येच उभा केला. दवाखान्यातले बाकीचे आवाज त्यात येतील हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. दवाखान्याचे आवाज झाकण्यासाठीच तर हे संगीत इतकी वर्षं वाजत होतं.

पण जुन्या दोन रेकॉर्ड्स गरीब स्वभावाच्या होत्या. या नव्या तशा निघाल्या नाहीत. पहिल्याच दिवशी एका हवालदारांच्या किडक्या दाढेला मशीन लावायला आणि रेकॉर्डमधल्या ड्रमवाल्याला चेव यायला एकच गाठ पडली. ड्रम थांबला की डॉक्टरांचा हात थांबायचा, ड्रम सुटला की हात सुटायचा. हवालदारांनी हे दोन वेळा सोसलं. तिसऱ्या वेळी ते गळ्यातल्या प्लास्टिकच्या एप्रनसकट उठले, ते थेट रस्त्यावर.

“डॉक्टर,” मावशी आत येऊन म्हणाल्या, “आधीची गाणी मशीनचा आवाज झाकायची. ही गाणी झाकायला आता मशीन लावावं लागेल. बाहेर एक माणूस उरलेला नाही. एक होते, ते म्हणाले दुखायचं थांबलं.”

“थोडे दिवस कळ काढा मावशी. वकीलसाहेबांसाठी आहे.”

“त्यांनी काय वाकडं केलंय तुमचं?” मावशींनी विचारलं.

डॉक्टर नेटानं ऐकत राहिले. कधी सॅक्सोफोन रुसल्यासारखा कोपऱ्यात बसायचा, कधी पियानोवाला सगळे सोडून एकटाच पुढं निघून जायचा. डॉक्टर दात कोरत होते, मसाला भरत होते, मोबाइलचं बटण दाबत होते आणि कशातही काहीही राम सापडत नव्हता. “आ करा. अजून थोडा. घाबरू नका, झालंच,” असं पेशंटला म्हणताना ते निम्मं स्वतःलाच म्हणत होते.

मग मुख्याध्यापिका आल्या. म्हणजे बायकोच्या शाळेच्या. त्यांना वरच्या दाढेला कॅप बसवायची होती आणि त्यासाठी दातांचं माप घ्यायचं होतं. हे माप म्हणजे लोखंडी साच्यात गुलाबी लगदा भरतात आणि तो साचा दातांवर दाबून धरतात. लगदा घट्ट झाला की लगेच काढायचा. विसरलं की साच्याचं आणि दातांचं लग्न लागतं, आणि ते मोडताना दोन्हीकडच्यांचे हाल होतात.

“तोंड उघडं ठेवायचं, बोलायचं नाही. दुखलं तर डावा हात वर करा,” डॉक्टर प्रत्येक पेशंटला सांगायचे तेच म्हणाले आणि त्यांनी साचा बसवला. मावशींनी रेकॉर्ड लावली. डॉक्टरांनी मोबाइलचं बटण दाबलं.

एक ट्रंपेट सुरू झाला. फार घाई नव्हती त्याला. एक सूर घेऊन तो थांबला. पुढचा सूर कुठला येणार ते डॉक्टरांना आता सरावानं ठाऊक होतं. पण तो आलाच नाही. दुसराच आला, जरा उशिरा, जरा बाजूनं, आणि आल्यावर असं वाटलं की यायला हवा होता तो हाच. डॉक्टरांच्या अंगावर काटा आला. ते साचा सोडून स्टुलावर बसले. ट्रंपेटवाला पुन्हा थांबला आणि या खेपेला त्याच्याबरोबर डॉक्टरही श्वास धरून थांबले. हे इतकी वर्षं आपल्या कपाटात पडून होतं आणि आपण दाढा आठवत बसलो होतो, असं मनात येऊन त्यांना अगदी भरून आलं.

मुख्याध्यापिकांनी डावा हात वर केला.

डॉक्टरांनी तो पाहिला. त्यांचे डोळे ओले झाले होते. “आवडलं ना?” ते म्हणाले. “मलासुद्धा आज पहिल्यांदाच कळतंय हो, यात काय आहे ते.”

मुख्याध्यापिकांनी दोन्ही हात वर केले.

“अगदी! अगदी!” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी आवाज वाढवला.

ती बाजू संपली, सुई खरखरायला लागली, तेव्हा कुठं डॉक्टर भानावर आले. पुढचा प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा नाही. मावशींनी मुख्याध्यापिकांचे खांदे धरले, डॉक्टरांनी साच्याची दांडी धरली, आणि साचा निघाला तेव्हा डॉक्टर स्टुलासकट मागच्या भिंतीला जाऊन लागले. मुख्याध्यापिकांनी शांतपणे तोंड धुतलं, हनुवटीचा गुलाबी लगदा पुसला आणि त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “तुमच्या मिसेस मला उद्या भेटतीलच.”

भेटल्याच. दुसऱ्या दिवशी बायको घरी आली ती दार लावायच्या आवाजावरूनच कळली.

“मधल्या सुट्टीत मला जिन्यावर उभं केलंय! कोण पोरगं पळतंय ते बघायला! पूर्ण वर्षभर! आणि बाई स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, तुमच्या यजमानांना दातांपेक्षा गाण्यात रस दिसतो.”

“आहे,” डॉक्टर हळूच म्हणाले.

“काय?”

“अगं, मला आवडायला लागलंय ते.”

बायको हातातली पिशवी खाली ठेवायची विसरली. “आत्ता? तो माणूस चालला तेव्हा?”

“अजून एक रविवार आहे ना,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की बायकोला पुढं रागावता येईना. तिनं मोबाइल घेतला आणि सगळं पेनड्राइव्हवर चढवून दिलं. ऐकून मात्र पाहिलं नाही. तशी अट नव्हती, असं ती नंतर म्हणाली.

रविवारी डॉक्टर दुपारपासूनच दवाखान्यात जाऊन बसले. बाक पुसला, स्टूल पुसलं, एक्स-रे दाखवायच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावून ठेवला. इतकी वर्षं खोटं ऐकलं, आज मित्राच्या शेजारी बसून एकदा तरी खरं ऐकायचं होतं. त्या ट्रंपेटवाल्याची ती जागा आली की वकीलसाहेबांच्या गुडघ्यावर हात ठेवायचा, एवढंसुद्धा त्यांनी ठरवलं होतं.

वकीलसाहेब आले. सामान पुढं गेलं होतं, त्यामुळे नेहमीचा कोट नव्हता आणि ते अंगानं जरा कमी वाटत होते.

“झालं तयार?”

“ऐका तर खरं!” डॉक्टरांनी बटण दाबलं.

पियानो सुरू झाला. दोघांनी माना हलवल्या. मग पियानोच्या मधूनच एक बारीक, उंच, कानात शिरणारा आवाज आला.

“हे वाद्य कुठलं?” वकीलसाहेबांनी अदबीनं विचारलं.

डॉक्टरांनी ड्रिलच्या मशीनकडे पाहिलं. “ते... माझं आहे.”

पाठोपाठ डॉक्टरांचाच आवाज आला, “आ करा. अजून थोडा. घाबरू नका, झालंच.” मग सॅक्सोफोन, मग कुणीतरी थुंकलं. ड्रम वाजले आणि त्यात हवालदारांची पळापळ स्पष्ट ऐकू आली. डॉक्टरांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बंद करू का, असं ते विचारणार तेवढ्यात तो ट्रंपेट सुरू झाला आणि त्यांना बंद करवेना. ती जागा जवळ येत होती. डॉक्टरांनी वकीलसाहेबांच्या गुडघ्याकडे हात नेला.

तेव्हाच स्पीकरमधून मुख्याध्यापिकांचं लांबलचक “म्म्म्म!” आलं आणि मग डॉक्टरांचा भरल्या गळ्याचा आवाज: “आवडलं ना? मलासुद्धा आज पहिल्यांदाच कळतंय हो, यात काय आहे ते.”

“थांबवा,” वकीलसाहेब म्हणाले.

डॉक्टरांनी थांबवलं.

“‘आज पहिल्यांदाच कळतंय’ असं कोण म्हणालं?” हा आवाज बाकावरचा नव्हता. हा कोर्टातला होता.

“मी.”

“कशाबद्दल?”

“म्हणजे... या संगीताबद्दल.”

“म्हणजे त्याआधी इतके रविवार कळत नव्हतं?”

“तसं म्हणजे बघा, वकीलसाहेब...”

“हो किंवा नाही.”

“नाही,” डॉक्टर म्हणाले.

“आवडत तरी होतं?”

डॉक्टरांनी प्लास्टरच्या जबड्यांकडे पाहिलं. तिथून मदत येण्यासारखी नव्हती. “नाही. एक दिवससुद्धा नाही. मला तुम्ही यायला हवे होतात. म्हणून लावत होतो.”

वकीलसाहेब उठले. झालं, गेला माणूस, असं डॉक्टरांना वाटलं आणि त्यांच्या छातीत खरोखरच दुखलं. पण वकीलसाहेब दाराकडे गेले नाहीत. ते आत गेले आणि इतक्या वर्षांत रविवारी ज्या खुर्चीकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्या पेशंटच्या खुर्चीत जाऊन आडवे झाले. त्यांनी आ वासला. आणि डावा हात वर केला.

“याचा अर्थ काय?” हात तसाच ठेवून त्यांनी विचारलं.

“दुखतंय,” डॉक्टर सवयीनं म्हणाले.

“शाबास! पहिल्या दिवशी तुम्ही मला स्वतः सांगितलंत, दुखलं तर डावा हात वर करा. मग माझ्या दाढेच्या मुळाशी मशीन घातलंत. मी हात वर केला. तर तुम्ही म्हणालात, ‘वा! रसिक आहात!’ आणि आवाज वाढवून आणखी आत गेलात! या बिचाऱ्या बाईंचं केलंत ना, तेच!”

डॉक्टरांना स्टुलाचा आधार घ्यावा लागला. “म्हणजे तुम्हाला आवडत नाही?”

“जॅझ? अहो, डोकं उठतं माझं! घरी गेल्यावर ही कपाळाला बाम चोळून द्यायची.”

“मग बोलला का नाहीत? कोर्टात समोरच्याला बोलू देत नाही तुम्ही!”

“तोंडात तुमचे हात होते!”

“नंतर?”

“नंतर तुम्ही म्हणालात, रविवारी या.” वकीलसाहेबांनी हात खाली घेतला आणि छताकडे बघत ते म्हणाले, “मला भेटणारा प्रत्येक जण तारीख विचारायला भेटायचा. नुसतं बसायला या, असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हटलं, जॅझ तर जॅझ. काढू कळ.”

“आणि त्या रेकॉर्ड्स? तो पेनड्राइव्ह?”

“पेनड्राइव्ह तुमची आठवण म्हणून. आणि रेकॉर्ड्सचं म्हणाल तर तुम्ही बारा महिने तीच दोन दळणं लावायचात. वाटलं, गरीब बिचारा, याच्याकडे दुसरं काही नाही.”

यावर दोघंही जे हसत सुटले ते थांबेचनात. डॉक्टर हसता हसता स्टुलावरून घसरले आणि वकीलसाहेबांनी खुर्चीचा खटका चुकून दाबल्यामुळे त्यांचे पाय वर आणि डोकं खाली झालं.

“अरे, काढ मला यातून, गाढवा!” ते ओरडले.

इतकी वर्षं दोघं एकमेकांना अहो-जाहो करत होते. डॉक्टर क्षणभर थबकले, आणि मग म्हणाले, “थांब लेका, जरा तसाच शोभतोस.”

खुर्ची सरळ झाल्यावर वकीलसाहेबांनी डोळे पुसले. “पण एक सांग. त्या बाईंना ‘आज पहिल्यांदाच कळतंय’ असं का म्हणालास? आता आवडायला लागलं की काय तुला?”

डॉक्टरांनी मित्राकडे पाहिलं. इतक्या वर्षांची डोकेदुखी उतरलेला तो चेहरा लहान मुलासारखा मोकळा झाला होता.

“छे रे!” डॉक्टर म्हणाले. “पेशंटला धीर द्यायला काहीबाही बोलावं लागतं.”

त्या दिवशी मग काहीच वाजलं नाही. दोघं नुसते बोलत बसले. वहिनींचे फोनवर फोन आले तेव्हा वकीलसाहेब उठले आणि जाताना त्यांनी कॉम्प्युटरमधून पेनड्राइव्ह काढून खिशात घातला.

“तो कशाला?”

“पुरावा आहे,” वकीलसाहेब म्हणाले. “पुरावा कुणी मागे सोडतं का?”

त्यानंतर दर रविवारी डॉक्टर एकटेच दवाखान्यात जाऊन बसू लागले. एका रविवारी निघताना बायकोनं विचारलंच, “आता तर वकीलसाहेब गेले. आता कुणासाठी ऐकताय?” डॉक्टरांनी चपला घातल्या आणि उत्तर टाळलं. दवाखान्यात त्यांनी ट्रंपेटवाल्याची रेकॉर्ड काढली, एका फटक्यात पुसली, लावली आणि ते स्टुलावर बसले. समोरचा बाक रिकामा होता. ती जागा आली, अंगावर काटा आला, आणि शेजारी बघितलं तर सांगायला कुणी नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

“काय रे, जिवंत आहेस ना?” वकीलसाहेब होते. “मी आत्ता तो पुरावा ऐकत होतो. रोज ऐकतो.”

“जॅझ?” डॉक्टरांनी एकदम आशेनं विचारलं.

“काहीतरीच काय! गाणं लागलं की पुढं ढकलतो. मध्ये मध्ये तू बोलतोस ना, ‘घाबरू नका, झालंच’, तेवढं ऐकतो.” पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. “नवीन गाव आहे रे. कुणी ओळखीचं नाही. बरं वाटतं.”

डॉक्टरांनी स्टूल रिकाम्या बाकाजवळ सरकवलं.

“मागे कसला आवाज येतोय?” वकीलसाहेबांनी विचारलं.

ट्रंपेटवाला ऐन रंगात आला होता. डॉक्टरांनी आवाज बारीक करायला हात पुढं केला, पण आवाज बारीक केला नाही.

“मशीन आहे. पेशंट आलाय.”

“रविवारी?”

“इमर्जन्सी.”

“अरेरे! बिचारा. त्याला म्हणावं, दुखत असेल तर डावा हात वर कर. कर म्हणावं, लाजू नको.”

डॉक्टरांच्या उजव्या हातात फोन होता. रिकाम्या दवाखान्यात त्यांनी डावा हात वर केला.

“केला का?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“केला,” डॉक्टर म्हणाले.